पडद्यावरील हिंसा आणि मुलांचे वर्तन : एक अभ्यास

गेल्या काही वर्षांत आपल्या वसतिगृहाच्या पालक सभेत एक प्रश्न न चुकता उपस्थित होतो. दोन मुलांची मारामारी झालेली असते, एकाच्या कपाळाला टाके पडलेले असतात, आणि सभेत कोणीतरी उठून म्हणते, "सर, हे सगळं त्या मोबाइलमुळं." बहुतेकांच्या माना डोलतात. पब्जी, फ्री फायर, मारधाडीचे डब केलेले चित्रपट, कोयते नाचवणाऱ्या 'भाई' लोकांच्या रील अशी नावे निघत जातात आणि मोबाइल जप्तीचा ठराव होऊन सभा संपते. ठरावाला आमचा विरोध नाही. झोप आणि अभ्यास या दोन कारणांसाठी वसतिगृहात मुलांच्या हाती मोबाइल असू नये, असेच आमचेही मत आहे. परंतु मारामारीचे कारण सापडले, अशा समाधानाने माणसे सभेतून उठतात, ते समाधान आम्हांला अस्वस्थ करते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला 'कारण' या शब्दाची थोडी भीतीच वाटते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही, हे आम्ही वर्गात शिकवतो. सभेतही ते शिकवले पाहिजे.

हिंसक चित्रे पाहून मूल हिंसक होते काय, या प्रश्नावर जगात शंभर वर्षे वाद चालू आहे. त्या वादाचा इतिहास पालकांसमोर व माजी विद्यार्थ्यांसमोर ठेवावा, म्हणून हा लेख.

ही भीती मोबाइलइतकी नवी नाही. अमेरिकेत मूकपटांना वाचा फुटली त्याच सुमारास, १९२९ ते १९३२ या काळात, पेन फंड या संस्थेच्या अर्थसाहाय्याने चित्रपट आणि मुले या विषयावर संशोधनांची एक मालिकाच झाली. पुढे चित्रपटाची जागा कॉमिक्सने घेतली, कॉमिक्सची टीव्हीने, टीव्हीची व्हिडिओ गेमने. आपल्याकडे १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले तेव्हा गल्लोगल्ली खराट्याच्या काड्यांचे बाण सुटू लागले होते, हे आमच्या पिढीला आठवत असेल. त्या बाणांबद्दल कोणी दूरदर्शनला दोष दिल्याचे मात्र आम्हांला स्मरत नाही. कोणत्या चित्रातली हिंसा समाजाला खुपते आणि कोणती खुपत नाही, हाही अभ्यासाचाच विषय आहे.

या सर्व इतिहासात आम्हांला सर्वाधिक विचार करायला लावणारी हकीकत आहे ती डॉ. फ्रेडरिक वर्थम यांची. हे जर्मनीत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ १९२२ साली अमेरिकेत आले. १९४६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, एका चर्चच्या तळघरात, लाफार्ग क्लिनिक नावाचा दवाखाना सुरू केला. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच ती आहे. योगायोग असा की, हा दवाखाना सुरू झाला त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडल्या जाणाऱ्या त्यांच्या निवेदनाची चौकशी केली होती. त्या काळी काळ्या माणसाला मानसोपचार मिळणे दुरापास्त होते. वर्थम यांच्या दवाखान्यात फी होती पंचवीस सेंट, आणि तीही ज्याला परवडत नसे त्याला माफ. डॉक्टर व कार्यकर्ते विनामोबदला काम करीत. कादंबरीकार रिचर्ड राइट या उपक्रमाचे पाठीराखे होते.

या दवाखान्याचे एक मोठे काम इतिहासात नोंदले गेले आहे. डेलावेअर राज्यात काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. काळ्या मुलांच्या पालकांनी न्यायालयात दाद मागितली, तेव्हा वर्थम यांनी दोन्ही वर्णांच्या मुलांना तपासले आणि १९५१ साली न्यायालयात साक्ष दिली की, वेगळे बसवणे हीच मुलाच्या मनाला होणारी इजा आहे. इमारत कितीही चांगली असली तरी ती इजा भरून येत नाही. शाळेच्या व्हरांड्यात, वर्गाबाहेर, गोणपाटावर बसून शिकलेल्या माणसाच्या अनुयायांना ही साक्ष समजावून सांगण्याची गरज नाही. तो खटला पुढे ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या प्रसिद्ध खटल्याचा भाग झाला, आणि १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

याच वर्थम यांचे कॉमिक्सविरोधी पुस्तक, 'सिडक्शन ऑफ द इनोसंट', त्याच वर्षी एप्रिल महिन्यात प्रसिद्ध झाले. २१ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे त्यांनी साक्ष दिली की, गुन्हेगारी आणि भयकथांची कॉमिक्स मुलांना गुन्हेगारीकडे नेणारे एक महत्त्वाचे कारण आहेत. त्यांच्या पुस्तकात शेकडो मुलांचे दाखले होते. मुले सांगत होती की आम्ही कॉमिक्स वाचतो, आणि मुले चोऱ्यामाऱ्या करीत होती. वाचक हादरले. परंतु त्या काळी अमेरिकेत बहुतेक सगळीच मुले कॉमिक्स वाचीत असत, हा साधा मुद्दा हादरलेल्या वाचकांच्या ध्यानात आला नाही. दवाखान्यात आलेली बिघडलेली मुले कॉमिक्स वाचत होती हे खरे. दवाखान्यात न आलेली, न बिघडलेली मुलेही तीच कॉमिक्स वाचत होती. तुलनेला दुसरा गटच नव्हता. आपल्या पालक सभेतही हेच घडते. ज्या मुलाने मारले त्याच्याकडे मोबाइल होता, हे आपण पाहतो. ज्याला मार बसला त्याच्याकडे आणि ज्याने भांडण सोडवले त्याच्याकडेही मोबाइल होता, हे पाहायचे राहून जाते.

वर्थम यांची कागदपत्रे २०१० साली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली. कॅरल टिली या संशोधिकेने मूळ नोंदी आणि छापील पुस्तक समोरासमोर ठेवून पाहिले व २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्थम यांनी दोन मुलांची विधाने एकाच्या तोंडी घातली होती, काही विधाने बदलली होती, आणि मुख्य म्हणजे मुलांच्या वर्तनाची इतर कारणे गाळली होती. टोळीतला सहभाग, घरातून पळून जाणे यांसारख्या ज्या गोष्टी मूळ नोंदीत होत्या, त्या पुस्तकात आल्याच नाहीत. उरले फक्त कॉमिक्स.

असे का झाले असावे? वर्थम लबाड होते, एवढ्यावर आम्ही थांबणार नाही. ज्याने हार्लेमच्या तळघरात बारा वर्षे दवाखाना चालवला, त्याला दारिद्र्य, गर्दी आणि वर्णद्वेष मुलाच्या मनाचे काय करतात हे ठाऊक होते; डेलावेअरच्या न्यायालयात त्याने तेच सांगितले होते. पण हार्लेम बदलायचे तर नगरपालिका, पोलीस, घरमालक, कारखानदार या सर्वांना हात घालावा लागतो. कॉमिक्सवर मात्र ठराव करता येतो. आमच्या मते, समाजाला जे कारण दूर करणे सोपे असते तेच कारण खरे वाटू लागते, आणि हा मोह विद्वानांनाही सुटत नाही.

पुढे काय घडले तेही पाहण्याजोगे आहे. दबाव वाढल्यावर प्रकाशकांनी ऑक्टोबर १९५४ मध्ये स्वतःच एक आचारसंहिता केली, तिला कॉमिक्स कोड म्हणतात. प्रत्येक अंक छापण्यापूर्वी तपासला जाऊ लागला. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असे काही चितारू नये, असा नियम त्यात होता. मुलांना हिंसेपासून वाचवायला निघालेली संहिता सत्तेचे रक्षण करू लागली होती, ती अशी. ईसी कॉमिक्स या प्रकाशनाची 'जजमेंट डे' नावाची एक कथा होती. दूरच्या ग्रहावर नारिंगी आणि निळे असे दोन प्रकारचे यंत्रमानव राहतात; आतून दोघेही सारखे, पण निळ्यांना वेगळी वस्ती, वेगळे काम. पृथ्वीवरून आलेला निरीक्षक हे पाहतो आणि तुम्ही अजून आमच्या प्रजासत्ताकात यायला पात्र नाही, असा निवाडा देतो. परत जाताना तो शिरस्त्राण काढतो. शेवटच्या चित्रात दिसते की तो कृष्णवर्णीय आहे. ही कथा १९५६ मध्ये पुन्हा छापायची ठरली, तेव्हा कोडच्या प्रमुखांनी हरकत घेतली ती त्या चेहऱ्याला. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी चेहरा बदलायला नकार दिला व कथा आहे तशी छापली. मुलांच्या भल्यासाठी बसवलेल्या तपासनिसाला कथेतला भेदभाव खुपला नाही, न्याय देणारा काळा माणूस खुपला!

याच काळाच्या थोडे आधी, १९४८ मध्ये, अमेरिकेतील काही गावांत शिक्षक-पालकांच्या देखरेखीखाली मुलांनीच कॉमिक्सच्या होळ्या केल्या होत्या. येथे कोणी विचारील की, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ग्रंथाचे दहन झालेच होते की. तुलना टिकत नाही. मनुस्मृती ही कायदा म्हणून माणसांच्या अंगावर चालवली गेली होती, आणि ज्यांच्यावर ती चालवली गेली त्यांनीच तिचा जाहीर निषेध केला. कॉमिक्सच्या होळीत मुलांच्या हाती काडी मोठ्यांनी दिली होती.

आता प्रयोगशाळेकडे वळू. वर्थम यांचा पुरावा कच्चा निघाला म्हणून चित्रांचा परिणाम होतच नाही, असे सिद्ध होत नाही. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग बी.एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाने वाचलेला असतो. तीन ते सहा वर्षांच्या आतली ७२ मुले. हवा भरलेली, ढकलली की पुन्हा उभी राहणारी एक मोठी बाहुली. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने त्या बाहुलीला ठोसे मारले, लाकडी हातोडीने बडवले, लाथाडले. काहींसमोर मोठा माणूस गुपचूप खेळत बसला. काहींना कोणीच दाखवले नाही. नंतर मुलांना आवडीच्या खेळण्यांपासून उठवून थोडे हिरमुसले केले आणि बाहुली असलेल्या खोलीत सोडले. ज्यांनी मारझोड पाहिली होती त्यांनी ती हुबेहूब केली, त्याच हातोडीने आणि त्याच शब्दांत. १९६३ साली हेच दृश्य चित्रपटातून दाखवले, तेव्हाही परिणाम तसाच दिसला.

या प्रयोगावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. ती बाहुली मारण्यासाठीच बनवलेली असते. तिला मारणे आणि शेजारच्या पोराला मारणे यांत अंतर आहे. शिवाय परिणाम काही मिनिटांनी मोजला होता, काही वर्षांनी नव्हे.

पण आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो बांडुरा यांचा १९६५ चा प्रयोग, जो पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत उरकला जातो. यात ६६ मुले होती. सर्वांनी एकच चित्रपट पाहिला. शेवट मात्र तीन प्रकारचे होते. पहिल्या शेवटात मारणाऱ्या माणसाला शाबासकी व खाऊ मिळतो. दुसऱ्यात त्याला रागावून मार दिला जातो. तिसऱ्यात काहीच होत नाही. ज्यांनी शिक्षेचा शेवट पाहिला त्या मुलांनी नक्कल कमी केली. येथपर्यंत सरळ आहे. मग बांडुरा यांनी सर्व मुलांना सांगितले की, त्या माणसाने केलेले जे जे करून दाखवाल त्याबद्दल बक्षीस मिळेल. त्याबरोबर तिन्ही गटांतला फरक नाहीसा झाला. ज्यांनी शिक्षा पाहिली होती त्यांनाही सगळे आले होते. मुली आधी मुलांपेक्षा बऱ्याच कमी नक्कल करीत होत्या, तो फरकही जवळजवळ मिटला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. मारणे कसे असते हे मूल पाहून शिकतेच, ते रोखणे कोणाच्या हाती नाही. ते करायचे की नाही, हे ठरवताना मूल वेगळी माहिती वापरते: मारणाऱ्याचे पुढे काय झाले? शाबासकी कोणी दिली? मोठी माणसे हसली की उठून उभी राहिली? ही दुसरी माहिती पडद्यावरूनही मिळते. पण घरातून, गल्लीतून, शाळेतून ती रोज मिळते.

दोन ठिकाणांची उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगरांमुळे टीव्हीचे प्रक्षेपण पोहोचत नसलेले एक गाव होते. संशोधकांनी त्याला 'नोटेल' असे टोपणनाव दिले. १९७३ मध्ये तेथे टीव्ही आला. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांच्या पथकाने टीव्ही येण्यापूर्वी आणि आल्यावर दोन वर्षांनी, अशी दोनदा प्राथमिक शाळेच्या मैदानावरील मुलांची पाहणी केली. आधीपासून टीव्ही असलेल्या दोन गावांतील मुलेही तशीच पाहिली. नोटेलच्या मुलांमध्ये धक्काबुक्की आणि शिवीगाळ वाढली होती. इतर दोन गावांत तशी वाढ नव्हती.

दुसरे ठिकाण सेंट हेलेना. नेपोलियनचा शेवट जेथे झाला तेच अटलांटिक महासागरातील बेट. वस्ती पाच-सहा हजारांची. तेथे उपग्रहाद्वारे टीव्ही पोहोचला तो थेट १९९५ साली. टोनी चार्ल्टन यांच्या पथकाने तेथेही आधी व नंतर मैदानात खेळणाऱ्या मुलांची पाहणी केली, मुलांचे चित्रीकरण केले. नोटेलसारखे काही आढळले नाही; मुलांचे वागणे बिघडले नाही. संशोधकांनी कारण शोधले ते बेटाच्या समाजजीवनात. प्रत्येक मूल कोणाचे आहे हे प्रत्येकाला ठाऊक, घर आणि शाळा दोन्हींकडे मोठ्यांचे लक्ष, आणि बोलणाऱ्याला परके न समजण्याची रीत. टीव्ही दोन्हीकडे आला. टीव्हीच्या भोवतीची माणसे वेगळी होती.

अलीकडच्या संशोधनाचा तपशील येथे विस्ताराने देत नाही. २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक मुलांवरील २४ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, हिंसक व्हिडिओ गेम आणि पुढील काळातील शारीरिक आक्रमकता यांत संबंध आहे, पण तो लहान आहे. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला, त्यांना तोही संबंध दिसला नाही. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली: ओरडणे, ढकलणे अशा वर्तनाशी थोडा संबंध दिसतो, परंतु खून-गोळीबारासारख्या हिंसेचे खापर गेमवर फोडण्यास पुरेसा पुरावा नाही. प्रामाणिक उत्तर हे एवढेच आहे. परिणाम शून्य नाही; लहान वयात, एकट्याने, सतत पाहणाऱ्या मुलाबाबत काळजी घ्यावीच. पण कपाळाला पडलेल्या टाक्यांचा हिशेब त्यात पूर्ण होत नाही.

या संशोधनात एक गोष्ट आम्हांला नेहमी अपुरी वाटत आली आहे. मूल मारायला शिकते का, हे सगळे विचारतात. कोणाला मारलेले चालते, हे मूल शिकते का? हा प्रश्न विचारणारे अमेरिकेतील एक अभ्यासक म्हणजे जॉर्ज गर्बनर. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी वर्षानुवर्षे टीव्हीवरील हिंसेची मोजदाद केली. त्यांच्या मते पडद्यावरची हिंसा हा सत्तेचा धडा असतो: कोण कोणाला मारू शकतो आणि मारून सुटू शकतो, याचा. स्त्रिया, वृद्ध, गरीब, अल्पसंख्य यांच्या वाट्याला मार खाण्याचे काम तुलनेने अधिक येते. आणि जे फार टीव्ही पाहतात ते मारकुटे होण्यापेक्षा भित्रे होतात, जग आहे त्याहून क्रूर आहे असे मानू लागतात.

हे वाचताना आम्हांला आठवते ते आपल्याच राज्यातील राईनपाडा. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या गावात १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअॅपवरील अफवेतून, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने मारून टाकले. मारहाणीचे चित्रण मोबाइलवर झाले आणि ते सर्वत्र फिरले. येथे गेम नव्हता, चित्रपट नव्हता. खऱ्या माणसांचे खरे मरण हातोहात पुढे पाठवले जात होते, आणि पाठवणारे मोठे होते. ते ज्या मुलांनी पाहिले त्यांनी काय शिकले असेल, याचा अभ्यास स्टॅनफर्डच्या बाहुलीवर होणार नाही. पाल टाकून राहणाऱ्या समाजातले एक मूल ते पाहते आणि वाड्यातले एक मूल ते पाहते. दोघांसमोरची चित्रफीत एकच, पण एक स्वतःला जमिनीवर पडलेल्यात शोधते आणि दुसरे गर्दीत. आपल्या वसतिगृहात ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवरील कुटुंबांची, भटक्या-विमुक्तांची मुले आहेत. अशी चित्रफीत आपल्या मुलापर्यंत येते तेव्हा 'असले पाहू नकोस' म्हणून आपण मोकळे होतो. त्याला काय दिसले, हे विचारत नाही.

आता थोडे कडू बोलायचे आहे, ते माजी विद्यार्थ्यांनी गोड मानून घ्यावे.

शाळांच्या स्मरणिका चाळल्या की एक आठवण पुन्हा पुन्हा भेटते. गुरुजी किती कडक होते, निरगुडीचा फोक कसा वळ उठवी, आणि त्या माराने आम्ही कसे घडलो. लिहिणारे आज अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत, अभियंते आहेत. त्यांच्या कृतज्ञतेविषयी आम्हांला शंका नाही. पण त्याच फोकाने घडले नाहीत त्यांची आठवण स्मरणिकेत छापून येत नाही, कारण ती मुले सातवीतच शाळा सोडून गेली. वर्थम यांच्या दवाखान्यात फक्त बिघडलेली मुले दिसत होती. आपल्या स्मरणिकांत फक्त घडलेली दिसतात. चूक एकच आहे, बाजू उलट आहे.

२००७ मध्ये केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले. त्यानंतर शिक्षण हक्क कायदा, २००९ आला व त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. २०१६ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी पन्नास वर्षांतील ७५ अभ्यास, म्हणजे १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती, एकत्र करून पाहिली. नुसत्या चापटी-फटक्यांचा मार खाणाऱ्या मुलांतही आक्रमकता व समाजविघातक वर्तन अधिक आढळले. येथेही सावध राहिले पाहिजे. खोडकर मुलालाच जास्त मार बसतो, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. तरीही हा संबंध व्हिडिओ गेमबाबत आढळलेल्या संबंधाहून दुबळा नाही. गेमवर बंदीचा ठराव करणाऱ्या कोणत्याही सभेत घरातल्या पट्ट्यावर बंदीचा ठराव झालेला आम्ही पाहिलेला नाही.

बांडुरा यांच्या खोलीची आठवण ठेवून आपल्या घराकडे पाहावे. दारू पिऊन आलेला बाप आईला मारतो. शेजारी दार लावून घेतात. सकाळी सगळे नेहमीसारखे चालू होते. मुलाने चित्रपटाचा कोणता शेवट पाहिला? तिसरा. मारणाऱ्याला काहीच झाले नाही. असे मूल वसतिगृहात येते आणि लहान मुलाची बादली लाथाडते, तेव्हा त्याच्या हातून जप्त करायला मोबाइल असतोच असे नाही.

मज्झिम निकायात भगवान बुद्धांनी कोवळ्या वयाच्या राहुलाला केलेला उपदेश आहे. आरसा कशासाठी असतो, असे ते त्याला विचारतात. आणि कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर ते स्वतःला वा दुसऱ्याला पीडा देणारे आहे काय, हे पारखून पाहायला शिकवतात. मूल काय पाहते यावर तेथे भर नाही. पाहिलेले कसे पारखावे यावर आहे. शिक्षक म्हणून आम्हांला ही रीत वर्गात वापरण्याजोगी वाटली. दर रविवारी दुपारी सभागृहात चित्रपट दाखवला जातो, त्यानंतर अर्धा तास आता चर्चेसाठी राखून ठेवला आहे. चित्रपट मुलेच निवडतात, मारधाडीचेही. शिक्षक मुलांबरोबर खाली सतरंजीवर बसतात. चर्चेचे नियम दोनच: 'वाईट आहे' एवढेच म्हणायचे नाही, आणि प्रत्येकाने पाहताना काहीतरी मोजायचे. कोणी किती वेळा हात उचलला, कोणाला शिक्षा झाली, पोलीस कधी आले, मार खाणाऱ्याची आई दाखवली का.

पहिल्या चर्चेला एक नायकप्रधान मारधाडीचा चित्रपट होता. मुलांनी फटके मोजले आणि मध्येच हिशेब चुकून हसत सुटली. आठवीच्या मुलींनी मात्र वेगळी मोजणी केली होती. नायकाने मारलेल्या माणसांपैकी चित्रपटात नाव किती जणांना आहे, हे त्यांनी टिपले होते. नावे फक्त दोघांना निघाली. बाकीचे तीसेक जण नुसते पडत होते. त्यांपैकी एकीने वहीत खाली लिहिले होते की ही माणसे कुठल्या गावची असतील, रोजाने आली असतील का. तो प्रश्न आम्ही पुढच्या रविवारसाठी फळ्यावर लिहून ठेवला आहे.